चाल छापणारे विष्णुबुवा



तुकोबारायांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली, तिचा पहिला खंड १८६९ साली निघाला आणि दुसरा १८७३ साली. साडेचार हजारांहून अधिक अभंग. जे तोवर वह्यांतून आणि तोंडातून चालत आले होते ते एकदम दुकानात विकत मिळू लागले. आपल्या संप्रदायावर त्या छपाईचे उपकार मोठे आहेत, त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला आज तिच्यात न छापल्या गेलेल्या गोष्टीविषयी लिहायचे आहे. गाथेत शब्द आले, चाल आली नाही. अभंग कसा उचलायचा, धृपद कुठे घ्यायचे, टाळकऱ्यांना कुठे सोडायचे, हे त्या हजारो अभंगांत एका ठिकाणीही लिहिलेले नाही. ते पूर्वी होते तिथेच, म्हाताऱ्या गळ्यांत राहिले. गळा गेला की चाल गेली.

ही चाल कागदावर उतरवून, छापून, वर्गात बसवून शेकडो मुलांना शिकवावी असे एका माणसाच्या मनाने घेतले, आणि त्यापायी त्याने सारे आयुष्य ओतले. विष्णू दिगंबर पलुस्कर. आपल्याकडे विष्णुबुवा म्हटले की आधी जोग महाराज डोळ्यांपुढे येतात, ते साहजिकच आहे. त्यांचा जन्म १८६७ चा, पलुस्करांचा १८७२ चा. एकाच पिढीतले हे दोन विष्णुबुवा. एकाने आळंदीत १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, दुसऱ्याने त्याच्या सोळा वर्षे आधी लाहोरात गायनाची शाळा काढली. दोघांच्याही मनात एकच खंत होती, की विद्या आहे पण ती देण्याची सोय नाही. पुढे जोग महाराजांकडे पुन्हा येईनच.

पलुस्कर कुरुंदवाडचे. नरसोबाची वाडी जवळच. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत सांगून पुढे जातात, पण मला वाटते, सारी किल्ली तिथे आहे. कीर्तनकाराच्या घरातले मूल पाळण्यातच शिकते की गाणे हे चार श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लपवून ठेवायचे नसते. समोर बसलेल्या शंभर माणसांना ते कळले पाहिजे, त्यातल्या शब्दाचा अर्थ लागला पाहिजे, आणि शेवटी त्यांच्याच तोंडून निघाले पाहिजे. पलुस्करांनी पुढे जे जे केले त्याच्या मुळाशी ही समज होती.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा भडका चेहऱ्याजवळ उडाला आणि मुलाचे डोळे अधू झाले. शाळेचा अभ्यास जमेना. मिरजेला उपचार झाले, दृष्टी पुरती परत आली नाही, आणि डोळ्यांवाचून जमेल अशी विद्या म्हणून मुलाला गाणे शिकायला बसवले. पाहा, वाचकहो, अक्षर वाचायला ज्याला कष्ट पडत त्यानेच पुढे स्वरांना अक्षरे दिली.

गुरू मिळाले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच. पण त्यांनी ती कशी आणली? तरुणपणी घर सोडून, गुरूच्या शोधात वणवण करून, मिळेल ते खाऊन, पडेल ते काम करून. त्या काळी विद्या अशीच मिळे. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहायचे, पाणी भरायचे, आणि त्याच्या मनात आले तर एक चीज पदरात पडायची. मनात नाही आले तर नाही. अशा रीतीने कितीतरी चिजा त्या त्या घराण्याबरोबर चितेवर गेल्या. पलुस्कर मिरजेला गुरूजवळ कितीतरी वर्षे राहिले आणि १८९६ साली बाहेर पडले. बाहेर पडण्याच्या मागची एक हकीकत सांगतात. मिरजेत कुठल्याशा समारंभाचे बोलावणे त्यांना आले, गुरूंना आले नाही. का, म्हणून विचारले तर उत्तर आले की ते काय, गवई आहेत. ज्याच्या पायाशी बसून आपण शिकलो त्याला गावात पाटावर बसवायलाही कोणी तयार नाही, हे त्या तरुणाच्या जिव्हारी लागले. गवयाला आणि गाण्याला मान मिळवून द्यायचा, हा हट्ट तिथे धरला गेला.

मग प्रवास. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा. मथुरेला व्रज भाषा शिकले, कारण ज्या भाषेत चिजा आहेत ती कळल्यावाचून गाणे म्हणजे पोपटपंची, असे त्यांना वाटे. कीर्तनकाराचा मुलगा बोलला! संस्थानिकांच्या आश्रयाशिवाय, तिकीट लावून, ज्याला ऐकायचे त्याने यावे अशा जाहीर मैफलीही त्यांनी केल्या. फिरत फिरत पंजाबात पोचले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. ना कोणी राजा पाठीशी, ना ती भाषा घरची. सांगतात की पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, आणि बुवा वर्गाच्या वेळी तंबोरा घेऊन एकटेच गात बसत.

इथे थोडे थांबतो. पंजाब म्हटले की वारकऱ्याच्या मनात नामदेवराय येतात. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत हे आपल्याला ठाऊक असते, पण ती तिथे रागांच्या मथळ्याखाली मांडली आहेत हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. म्हणजे हे पद कोणत्या रागात म्हणायचे एवढे तरी त्या ग्रंथाने सांभाळले. आपल्या गाथेने तेवढेही सांभाळले नाही. अर्थात रागाचे नाव म्हणजे चाल नव्हे. भैरवी असे लिहिले म्हणून अभंग म्हणता येत नाही. पण पत्र्यावर गावाचे नाव तरी होते, आपल्याकडे तोही नव्हता. असो.

तर लाहोरच्या शाळेत बुवांनी काय केले? गायनविद्येला जे कधी माहीत नव्हते ते सारे आणले. ठराविक वेळेचा वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र. बायकांसाठी निराळे वर्ग, ज्या काळात घरंदाज बाईने गाणे म्हणजे लोकांच्या कपाळाला आठी. आणि या सगळ्याच्या पाठीशी एक हत्यार होते, छापखाना. नुसती पुस्तके छापून घेणे नव्हे, संस्थेचा स्वतःचा छापखाना. ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी क्रमिक पुस्तके त्यांनी काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. शिवाय वाद्ये करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखाना. तंबोऱ्याचा भोपळा फुटला की शिक्षण थांबते, हे ज्याने वर्ग चालवला आहे त्यालाच कळते. आज शिक्षणात तंत्रज्ञान आणावे म्हणून मोठमोठी भाषणे होतात. त्या वेळचे तंत्रज्ञान हे होते, आणि ते या अधू डोळ्यांच्या गवयाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आणले.

स्वर लिहिण्याची कल्पना त्यांची एकट्याची नव्हे. बडोद्यात मौलाबक्ष यांनी त्यांच्या आधी स्वरलिपी केली होती आणि सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळाही चालवली होती. आणि पलुस्करांच्या बरोबरीने पंडित भातखंडे होते. दोघांचा स्वभाव निरनिराळा. भातखंडे वकील. त्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांच्या मनधरण्या करून, चिजा गोळा केल्या, पडताळल्या, आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत मांडल्या. त्यांना विद्या बुडू द्यायची नव्हती. पलुस्करांना ती वाटायची होती. एकाने कोठार बांधले, दुसऱ्याने पंगत मांडली, आणि गावाला दोन्ही लागतात. कोण थोर, हा वाद संगीतवाल्यांनी पुष्कळ घातला आहे. मला त्यात पडायचे नाही.

पलुस्करांची लिपी मात्र फार बारीक होती. कोणता स्वर, मंद्र की तार, कोमल की तीव्र, एवढ्यावर ती थांबत नसे. प्रत्येक स्वराखाली तो एक मात्रा टिकतो, अर्धी की पाव, याची निराळी खूण. छापणाऱ्याचे हात दुखावेत आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणावेत अशी ती लिपी. भातखंड्यांची सोपी, म्हणून पुढे तीच सगळीकडे पसरली. आज गायनाचे विद्यार्थी पलुस्करांची लिपी शिकतात ती बहुधा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपुरती. पण तिच्यात इतका बारकावा का, याचा विचार करा. जो मुलगा गुरूच्या घरी राहू शकत नाही, ज्याला पोटापाण्याचे काम आहे, जो आठवड्यातून काही तास येणार आणि उरलेले दिवस पुस्तकावर काढणार, त्याला एकटे पडल्यावर काही कमी पडू नये म्हणून.

आणि गायचे काय? इथे बुवांनी केलेली गोष्ट काही जाणकारांना आजही रुचत नाही. जुन्या चिजांत शृंगार पुष्कळ. घरातल्या मुलीबाळींना शिकवायचे तर ते शब्द चालणार नाहीत, म्हणून राग तोच, ताल तोच, बंदिशीची घडण तीच ठेवून त्यांनी कितीएक ठिकाणी शब्द भक्तीचे घातले. मूळ रचनाकारावर अन्याय झाला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. जुन्या शब्दांतही गोडी होती, आणि देवाचे नाव घातले की रचना आपोआप चांगली होते असेही नाही. पण त्याचबरोबर बुवांनी तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची पदे मैफलीच्या अग्रभागी आणून बसवली. तोवर भजन म्हणजे मैफल संपता संपता उरकायची गोष्ट. बुवांनी त्याला रागदारीचा पाट दिला, आणि शब्द इतका स्वच्छ ठेवला की शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळावा. शब्द गिळणारा गवई आणि शब्द वाढणारा हरिदास यांतला फरक ज्याने घरात पाहिला होता, त्याचे हे गाणे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. छापखाना, पुस्तके, लिपी, वर्ग, परीक्षा, एवढे सगळे उभारणाऱ्या या माणसाने त्याच शाळेत एक निराळी खोलीही ठेवली होती. तिचे नाव उपदेशक वर्ग. निवडक मुले, वर्षानुवर्षांचा करार, जेवणखाण-राहणे संस्थेकडे, पहाटे उठणे, प्रार्थना, रियाज, गुरूबरोबर दौरे, आणि शिकून झाल्यावर गावोगाव जाऊन शिकवायचे. म्हणजे बाळकृष्णबुवांचेच गुरुकुल, त्यातली लहर आणि लपवाछपवी काढून टाकलेले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे, ज्यांच्यामुळे पलुस्करांचे नाव राहिले ते गुरूच्या सहवासात वाढलेले. नुसत्या पुस्तकावर शिकून यांच्या तोडीचा गवई झाल्याचे मला तरी माहीत नाही.

मग पुस्तक फुकट गेले का? नाही. पुस्तकाने गवई झाला नसेल, ऐकणारा झाला. हजारो घरांत पेटी आली, मुली सरगम म्हणू लागल्या, आणि गवयाला पाटावर बसवायला लाजणारा समाज त्याचे तिकीट काढून रांगेत उभा राहिला. बुवांनी शाळेला दोन दारे ठेवली होती. एकातून पुष्कळ येत, दुसऱ्यातून थोडे. पुष्कळांच्या दाराशी पुस्तक उभे होते आणि थोड्यांच्या दाराशी स्वतः बुवा. ही दारे एकच आहेत असे त्यांनी कधी मानले नाही, आणि एकासाठी दुसरे बंदही केले नाही.

त्याची किंमत फार पडली. १९०८ मध्ये मुंबईला विद्यालय निघाले, पुढे सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली, कर्ज काढून. दौरे करायचे, गायचे, बिदागी आणायची, व्याज भरायचे, असे वर्षानुवर्षे चालले. १९२४ साली सावकारांनी ती इमारत लिलावात काढली. इथे मला जोग महाराज आठवतात. आळंदीची मुले माधुकरी मागून जेवत आणि शिकत. विटा थोड्या, कर्ज नाही. संस्थेने शंभरी ओलांडली. पलुस्करांना हे का सुचले नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण लाहोर म्हणजे आळंदी नव्हे. तिथे कोणत्या दारात जाऊन माधुकरी मागणार? आणि वीणा-मृदंगाला जागा लागते तेवढीच छापखान्याला पुरत नाही. यंत्र आणले की त्याला छप्पर लागते, छपराला पैसा, पैशाला सावकार. हे यंत्राबरोबर येतेच, तेव्हाही आले आणि आताही येते.

बुवांचे मन त्या लिलावाच्या आधीच रामनामाकडे वळले होते. नाशिकला रामनाम आधार आश्रम, तुलसीरामायणाची कथा, मध्ये मध्ये गायन, आणि श्रोत्यांकडून नामघोष. म्हणजे फिरून फिरून ते वडिलांच्याच जागी येऊन उभे राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, त्याच्या परीक्षा आजही गावोगाव होतात.

त्यांच्या मागची दोन माणसे सांगतो. एक खरे. गुरूने त्यांना गांधीजींच्या साबरमती आश्रमात धाडले. तिथे त्यांनी आश्रम भजनावली सिद्ध केली. तीत मराठी संतांचे अभंगही आहेत. १९३० साली दांडीची पायवारी निघाली तिच्यात खरे चालत होते, आणि ‘रघुपति राघव’ची जी चाल देशभर पसरली ती विष्णुबुवांची म्हणून ओळखली जाते. ती काही स्वरलिपी वाचून लोकांनी उचलली नाही. चालता चालता उचलली. आपल्या मराठीत चालण्यालाही चाल म्हणतात आणि गाण्यालाही, ते उगीच नाही. दिवेघाट चढताना हरिपाठाची लय वेगळी पडते, सपाटीला वेगळी, पावसात वेगळी, आणि दोनशे टाळकऱ्यांचे पाय ती ठरवतात. मात्रेच्या पाव हिश्शाची खूण केली तरी ती कागदावर उतरत नाही.

दुसरा त्यांचा मुलगा, दत्तात्रेय. बुवांची बरीच मुले लहानपणीच गेली, हा राहिला. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. घरात वडिलांनी छापलेल्या पुस्तकांची चळत, पण मुलगा शिकला तो वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकबुवांकडे आणि नारायणरावांकडे. बापाचे गाणे मुलाला मिळाले ते दुसऱ्यांच्या गळ्यातून. पुढे त्याच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तोही गेला. त्या तबकड्या मात्र आजही ऐकू येतात, आता मोबाइलवर.

मोबाइलवरून आठवले. आमच्या भागात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मोबाइलवर ऐकून अभंग शिकला. गळा गोड, सूर पक्का. एकदा माझ्यासमोर म्हणून दाखवला. दुसऱ्या चरणानंतर तो गप्प झाला, आणि तीन-चार आवर्तने झाल्यावर पुन्हा अचूक समेवर उचलला. मी विचारले, मध्ये का थांबलास? म्हणाला, तिथे असेच आहे. मूळ ध्वनिमुद्रणात तिथे टाळकरी म्हणत होते. त्याने बुवांचा गळा तंतोतंत घेतला होता, आणि टाळकऱ्यांची जागा तशीच रिकामी ठेवली होती. कारण ती आपल्याला म्हणायची आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्यातले काही ज्येष्ठ अशा मुलांना हसतात, मोबाइलवरचे गाणे म्हणून हिणवतात. ते बरोबर नाही. पूर्वी आमच्या फडावर एक चाल मिळवायला तीन आषाढ्या काढाव्या लागत, त्यात कोणती मोठी पुण्याई होती? ज्याला मिळाली त्याने दडवली, एवढेच कितीदा घडले. दुसऱ्या बाजूने काही संस्थाचालक म्हणतात की आता सगळे ध्वनिमुद्रित करून ठेवू, म्हणजे मुलांना आळंदीला चार वर्षे राहायची गरज नाही. त्यांना विष्णुबुवांच्या शाळेतली ती दुसरी खोली दाखवावीशी वाटते. स्वतःचा छापखाना असलेल्या माणसाने तिला कुलूप लावले नव्हते.

त्या मुलाला मी म्हटले, येत्या एकादशीला देवळात टाळ घेऊन ये. तो आला. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, पहिल्या दोन अभंगांना टाळ मागेपुढे पडला, तिसऱ्याला बसला. हरिपाठ संपल्यावर मोबाइल पुढे करून म्हणाला, बाबा, ती मघाची चाल पुन्हा एकदा म्हणा, टाळकऱ्यांसकट. ह्याच्यात भरून घेतो. म्हटले, तुला तर आली की. तर म्हणाला, आईला शिकवायची आहे. तिला एकादशीला घरचे टाकून येता येत नाही.